'यात नवीन काय?' असं विचारणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

संशोधनाला ग्रँट देणाऱ्या, न देणाऱ्या आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणणाऱ्या समित्यांमधल्या सर्व मान्यवरांना,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. पीएचडी नाही, संशोधनाच्या पेपरवर नाव आलंय ते शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात, आणि तिथेही एकदा आडनाव चुकलेलं. नऊ वर्षं मी फील्ड असिस्टंट होते. काम म्हणाल तर साधं, जंगलात झाडांवर लाकडी पेट्या टांगलेल्या, त्यात छोटे पक्षी घरटी करतात, तर विणीच्या हंगामात रोज फिरून एकेक पेटी उघडायची आणि आत काय आहे ते वहीत लिहायचं. पेन्सिलने, कारण शाई ओली झाली की पसरते आणि मग तो ३ आहे की ८ हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. झाकण उचलायच्या आधी पेटीवर बोटाने दोनदा हलकं वाजवायचं, म्हणजे मादी आत असली तर तिला चाहूल लागते, अंड्याला बोटाची मागची बाजू लावून बघायचं गरम आहे की गार, पिल्लं ठरलेल्या दिवसांची झाली की पातळ कापडी पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लटकवून वजन घ्यायचं, पायात रंगीत कडी घालायची, परत होतं तस्सं ठेवायचं आणि पुढच्या झाडाकडे निघायचं. कधी पेटीत मुंग्या, कधी साप, बऱ्याचदा काहीच नाही. 'काहीच नाही' हेसुद्धा लिहायचं, ते आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

या सगळ्यात सर्वात मोलाचा आकडा कुठला असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पहिलं अंडं कोणत्या तारखेला घातलं गेलं तो. कारण तो नंतर कुणाकडून मागून मिळत नाही, त्या दिवशी तिथे कुणीतरी जावंच लागतं.

दहाव्या वर्षाचं प्रपोजल परत आलं. सोबत दोन ओळी. एक, पुरेसा डेटा आधीच जमा झालेला आहे. दोन, प्रस्तावित कामात नावीन्य दिसत नाही. समिती कुठली ते मी लिहिणार नाही, लिहून उपयोगही नाही, कारण या दोन ओळी तुमच्यापैकी कुणीही लिहिल्या असत्या, रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'नावीन्य' या नावाचा रकानाच असतो आणि त्याला मार्क असतात. आणि त्याच्या पुढच्याच मोसमात, विणीच्या ऐन भरात, उन्हाची अशी लाट आली की तशी आम्ही नऊ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. पक्ष्यांनी काय केलं, अंडी घातली का, घातलेली सोडून दिली का, कुठल्या माद्यांची पिल्लं जगली, माहीत नाही. वही कोरी. नऊ वर्षं आम्ही नेमकी ज्या वर्षाची तयारी करत होतो ते वर्ष आलं तेव्हा आम्ही घरी बसलो होतो.

राग आहे, खोटं कशाला बोलू, पण हे पत्र रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. नोकरी गेल्यावर वेळ मिळाला तेव्हा मी वाचत सुटले, इकॉलॉजी आणि उत्क्रांती या विषयात ज्या कामांची नावं सगळे घेतात ती कामं मुळात झाली कशी, किती वर्षं चालली, मधे काय घडलं. आणि वाचता वाचता एक गणित सारखं समोर येत राहिलं, ते तुमच्यासमोर मांडते.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला समुद्रात गॅलापागोस बेटं आहेत, त्यांत डॅफ्ने मेजर नावाचं एवढंसं बेट आहे, अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे संशोधक नवरा-बायको १९७३ साली तिथे गेले आणि फिंच पक्ष्यांच्या चोची मोजायला लागले. एकेक पक्षी पकडायचा, कडी घालायची, चोचीची लांबी, खोली, रुंदी मोजायची, सोडायचा. आता बघा, तीन वर्षांची ग्रँट धरली तर १९७३ अधिक ३ म्हणजे १९७६. संपलं. अहवाल काय गेला असता? अमुक इतके पक्षी, चोचींमध्ये थोडाफार फरक आहे, विशेष काही घडलं नाही. नावीन्य शून्य. आणि १९७७ ला तिथे पाऊसच पडला नाही.

बारीक, मऊ बिया आधी संपल्या. उरल्या त्या सराट्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीच्या टणक काटेरी बिया, ज्याच्या पायात कधी सराटा घुसलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. त्या फोडायला दणकट चोच लागते. मध्यम भूफिंच म्हणून जी जात आहे तिचे सुमारे ८५ टक्के पक्षी मेले, आणि जगले त्यांत मोठ्या, खोल चोचीवाले जास्त. पुढच्या पिढीची सरासरी चोच दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा मोठी निघाली. नैसर्गिक निवड इतकी सावकाश चालते की माणसाच्या आयुष्यात ती दिसायची नाही असं खुद्द डार्विन धरून चालला होता, आणि इथे ती दोनेक वर्षांत फूटपट्टीवर, म्हणजे कॅलिपरवर, मोजली गेली. मोजता आली कारण दुष्काळाआधीच्या पक्ष्यांचे आकडे वहीत होते. 'आधी' वहीत नसेल तर 'नंतर'चा काडीचा उपयोग नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही.

बरं इथे थांबले असते तरी पेपर झाला होता, पुस्तकात गेला होता, 'पुरेसा डेटा' तेव्हाच जमला होता असं कुणीही म्हणालं असतं. ते थांबले नाहीत. १९८३ ला एल निनोने, म्हणजे समुद्र तापला की तिकडे कोसळणाऱ्या पावसाने, बेट धुऊन काढलं, वेली आणि बारीक बियांची झाडं माजली, आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीवाले सरस ठरले, म्हणजे काटा उलटा फिरला. मग २००३ ते २००५ च्या सुमारास परत मोठा दुष्काळ. आता १९७७ चा धडा पाठ केलेला कुणीही सांगेल की मोठ्या चोची जिंकणार. जिंकल्या लहान! कारण मधल्या काळात, १९८२ पासून, मोठा भूफिंच (ही वेगळी जात) त्या बेटावर घरटी करायला लागला होता आणि टणक बिया तो फस्त करत होता, त्यामुळे मध्यम फिंचमधल्या मोठ्या चोचीवाल्यांची उपासमार झाली. बेट तेच, जात तीच, दुष्काळ तसाच आणि निकाल बरोब्बर उलटा. एकाच दुष्काळावर थांबलो असतो तर अर्धवट गोष्ट आपण पूर्ण समजून मुलांना शिकवत बसलो असतो. २०१६ ला त्यांनी साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून एचएमजीएटू नावाचा जनुकाचा भागही सापडला, ज्याचा या चोचीच्या आकाराशी संबंध लागतो. नमुने गोळा करायला सुरुवात केली तेव्हा पक्ष्याचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायचं तंत्रच नव्हतं, मग प्रपोजलमध्ये ते लिहिणार कसं?

आणि एक गंमत त्यात राहिलीच. १९८१ साली एक अनोळखी नर त्या बेटावर आला, इतरांपेक्षा धिप्पाड, गाणं वेगळं. त्याचीही नोंद झाली, रक्त घेतलं गेलं. त्याने तिथल्या मादीशी जोडी जमवली आणि काही पिढ्यांनंतर त्याचे वंशज आपापसातच जोड्या लावायला लागले, म्हणजे नवीन जातीच्या दिशेने पहिलं पाऊल म्हणा. तो शंभर किलोमीटरहून लांबच्या एस्पान्योला बेटावरून आलेला होता हे जीनोम वाचून नक्की कळलं आणि पेपर आला २०१७ च्या शेवटी. एका पक्ष्याची ही गोष्ट सांगायला ३६ वर्षं लागली. तुमच्या फॉर्मात 'अपेक्षित निष्पत्ती, सहामाहीनिहाय' असा तक्ता असतो ना, त्यात १९८१ च्या रकान्यात काय भरायचं हे मला कुणीतरी सांगा.

तुम्ही म्हणाल पक्ष्यांचं ठीक आहे, बेटांचं ठीक आहे, लॅबमध्ये सगळं लवकर होतं. तर लॅबचंही ऐका. रिचर्ड लेन्स्की या अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञाने २४ फेब्रुवारी १९८८ ला बारा फ्लास्कमध्ये ई. कोलाय जिवाणू वाढवायला सुरुवात केली. बाराही फ्लास्क एकाच पूर्वजाचे, खायला थोडं ग्लुकोज, रोज त्यातला शंभरावा भाग नव्या फ्लास्कमध्ये घालायचा. रोज म्हणजे रोज, रविवार नाही, सण नाही, दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या होतात आणि दर ५०० पिढ्यांना थोडा नमुना फ्रीजरमध्ये जातो, जिवंत, पाहिजे तेव्हा उठवता येईल असा. मला हे वाचताना फार आपलंसं वाटलं, कारण हे आमच्या पेट्यांसारखंच काम आहे, रोज तेच, कंटाळवाणं, आणि एक दिवस चुकला तर चुकला.

२००३ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी, एक फ्लास्क इतरांपेक्षा जास्त गढूळ दिसला. आधी वाटलं बाहेरचा जंतू शिरला असणार, अशा वेळी सगळ्यांना तेच वाटतं. तपासलं तर तो आपलाच ई. कोलाय, पण आता द्रावणातलं सायट्रेट नावाचं रसायन खात होता, जे ऑक्सिजन असताना ई. कोलायला जमत नाही, इतकं जमत नाही की ही जात ओळखायच्या खुणांमधली ती एक खूण आहे. सुमारे ३१ हजार ५०० पिढ्यांनंतर, बारापैकी एकात. मग लोकांनी फ्रीजर उघडला. जुन्या पिढ्या परत उठवल्या आणि बघितलं की हे परत घडतं का, कुठल्या पिढीपासून पुढे घडतं. २० हजाराव्या पिढीच्या अलीकडच्या नमुन्यांतून ते पुन्हा घडलं, त्याआधीच्यांतून नाही. म्हणजे कुठलातरी बदल आधीच गुपचूप होऊन बसला होता ज्याने पुढच्या बदलाची वाट मोकळी केली. उत्क्रांतीत योगायोग किती आणि ठरलेलं किती, हा वाद लोक आयुष्यभर घालतात, आणि त्यावर थेट प्रयोगाने बोलता आलं ते एका फ्रीजरमुळे. २०२० ला कोविडमुळे प्रयोग थांबवावा लागला, जिवाणू गोठवून ठेवले, नंतर परत चालू केले, २०२२ ला तो जेफ्री बॅरिक यांच्या टेक्सासमधल्या लॅबकडे गेला आणि पिढ्यांचा आकडा ७५ हजारांच्या पुढे गेलाय. सुरू करणारा माणूस बाजूला झाला तरी काम चालू आहे, हे मला त्या सायट्रेटपेक्षा भारी वाटतं. अर्थात हे काम चालू राहण्यामागे अमेरिकेत लांब पल्ल्याच्या संशोधनासाठी वेगळी ठेवलेली ग्रँट आहे, पाच वर्षांची, पुढे वाढवता येणारी, म्हणजे असं काही करताच येत नाही हे मला सांगू नका.

आता कीटक. २०१७ ला एक पेपर आला आणि जगभर बातम्या झाल्या, जर्मनीतल्या ६३ संरक्षित जागांमध्ये २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं. तो डेटा कुणी जमवला? क्रेफेल्ड शहरातल्या कीटकप्रेमींच्या मंडळाने, बरेचसे हौशी लोक. तंबूसारखे सापळे लावायचे, अल्कोहोलच्या बाटलीत पडलेले किडे गाळायचे, वजन करायचं, बाटली जपून ठेवायची. त्यावर टीका झाली की बऱ्याच जागांवर एकाच वर्षी सापळे लावले होते, दरवर्षी सगळीकडे नाही. टीका बरोबर आहे हो, पण ही टीका मंडळावर करायची का आपल्यावर? दरवर्षी सगळीकडे सापळे लावायला पैसे लागतात आणि माणसं लागतात, आणि 'पुन्हा त्याच जागी तेच किडे मोजणार' या प्रपोजलला नावीन्याचे किती मार्क पडले असते ते तुम्हीच सांगा.

याला जोडून अजून एक, कारण हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते. जर्मनीतच एक नमुन्यांची बँक आहे, तिथे १९८०च्या दशकापासून झाडांची पानं ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या पद्धतीने तोडायची, दळायची आणि द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात ठेवायची असं चाललंय. कशासाठी, तर प्रदूषण मोजायला. किड्यांचा संबंध नाही. पण पानावर किडा बसतो, कुरतडतो, घाण करतो, त्याचा डीएनए पानावर राहतो. २०२२ ला संशोधकांनी तीच जुनी पूड काढली आणि गेल्या तीसेक वर्षांत त्या झाडांवर कुठले किडे होते ते वाचलं! आणि निघालं काय, तर एकेका ठिकाणी जातींची संख्या सरसकट घटलेली नव्हती, पण जाती बदलत गेल्या होत्या आणि वेगवेगळ्या जागा एकमेकींसारख्या होत चालल्या होत्या. क्रेफेल्डचं वजनाचं चित्र आणि हे जातींचं चित्र एकसारखं नाही, आणि म्हणूनच दोन्ही पाहिजेत. पानं तोडून दळणाऱ्या त्या माणसांना, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, माझा दंडवत.

हल्ली प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतं की आता ईडीएनए आहे, म्हणजे पाण्यात-हवेत राहिलेल्या डीएनएवरून जीव ओळखायचं तंत्र, कॅमेरा ट्रॅप आहेत, आवाज रेकॉर्ड करणारी यंत्रं आहेत, एआय आहे, मग पेन्सिल घेऊन हिंडायची गरज काय. मला यंत्रांचा राग नाही, उलट ती आमच्या वेळी असती तर माझे गुडघे वाचले असते. पण यंत्र आजपासून पुढचं सांगतं. मागच्या वर्षीचं पाणी, मागच्या वर्षीची हवा कुणी भरून ठेवली नसेल तर जगातलं सगळ्यात महाग मशीनसुद्धा हात वर करणार.

दुसरी बाजूही बोलते, नाहीतर म्हणाल बाई एकाच सुरात रडतेय. छोटी, झटपट कामंही जबरदस्त असतात. २०१७ ला कॅरिबियन भागात टर्क्स आणि केकॉस बेटांवर एक टीम सरडे मोजून नुकतीच परतली होती, आणि पाठोपाठ दोन चक्रीवादळं आली, इर्मा आणि मारिया. ते लगेच परत गेले, उरलेले सरडे मोजले, तर वाचलेल्यांच्या बोटांच्या चिकट गाद्या सरासरीने मोठ्या निघाल्या. मग पालापाचोळा उडवायचं ब्लोअर मशीन आणलं, सरड्याला काठीवर बसवलं, पलीकडे जाळी धरली आणि वारा सोडला, सरडा काठीला कसा चिकटून राहतो आणि कधी मागचे पाय सुटून झेंड्यासारखा फडफडतो ते शूट केलं. पक्कं डोकं! तीन वर्षंही नाही लागली. पण वादळाच्या आधी ते तिथे होते हा निव्वळ नशिबाचा भाग, आले होते वेगळ्याच कामाला. सगळं शास्त्र नशिबावर सोडायचं का, एवढाच माझा प्रश्न.

आणि सगळीच लांब चाललेली कामं चांगली असतात असंही नाही. काही नुसती सवय म्हणून चालतात, मोजायची पद्धत तीनदा बदललेली, कुणी बदलली का बदलली लिहिलेलं नाही, डेटा कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये, मागितला तर उत्तर नाही. अशी बंद करा, खुशाल करा. पण बंद करायच्या आधी एक वर्षाचा पगार द्या कुणालातरी, की तो बसून वह्या स्कॅन करेल, कोड काय होते ते लिहून ठेवेल. बंद करायलासुद्धा पैसे लागतात हे तुमच्या बजेटमध्ये कुठेच नसतं.

मागणी काय तर फार मोठी नाहीये. चालू असलेल्या नोंदींना नावीन्याच्या रकान्यात घालू नका, त्यांना वेगळा फॉर्म द्या आणि त्यात विचारा की पद्धत तीच ठेवली का, गाळलेले दिवस किती, डेटा कुठे ठेवलाय, दुसऱ्या कुणाला वापरता येतो का. हे प्रश्न अवघड आहेत, बऱ्याच जणांची भंबेरी उडेल, उडू दे. ग्रँट संपणं आणि पुढची मिळणं यात सहा महिने गेले तर त्या सहा महिन्यांचा बेताचा खर्च चालवायची सोय ठेवा, कारण पक्षी तुमच्या आर्थिक वर्षाप्रमाणे अंडी घालत नाहीत. आणि फील्ड असिस्टंटचा पगार 'किरकोळ खर्च' या सदरात, बॅटरी आणि दोरीच्या शेजारी टाकणं थांबवा, हे मात्र मी माझ्यासाठी मागतेय हे मान्य.

१८७९ साली विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेत मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत तणांच्या बिया आणि वाळू भरून जमिनीत पुरल्या, बी किती वर्षं जिवंत राहतं बघायला. सुरुवातीला दर पाच वर्षांनी एक बाटली काढायचे, मग दहा, आता वीस. काढतात रात्री, उजेड लागून बिया आधीच जाग्या होऊ नयेत म्हणून. २०२१ च्या बाटलीतल्या काही बिया उगवल्या, १४० पेक्षा जास्त वर्षांनी. चार बाटल्या अजून जमिनीत आहेत, शेवटची २१०० साली निघणार. कुठल्या कमिटीने मंजूर केलं असतं हे?

आमच्या वह्या माझ्याकडे आहेत, पत्र्याच्या दोन ट्रंकांत, कापूर घालून ठेवल्यात. सर आता नाहीत. उद्या कुणाला हे काम परत सुरू करायचं असेल तर या, सगळ्या घेऊन जा, पावतीसुद्धा नको. फक्त एक गोष्ट वहीत लिहायची राहून गेली ती इथे सांगून ठेवते, ४१ नंबरच्या पेटीचं झाड सातव्या वर्षी पडलं, तेव्हा पेटी आम्ही शेजारच्या झाडावर हलवली, तोंड पूर्वेचं उत्तरेला झालं. तुलना करताना ते धरा.

आपली,
एक माजी फील्ड असिस्टंट